‘नाहीतर शेळ्या राखशील!’ : हे वाक्य आता पुरे



एक वाक्य तुमच्याही ओळखीचं असेल. पाढे पाठ नसले, वही आणली नाही किंवा मूल चार दिवस गैरहजर राहिलं की आपण सहज म्हणून जातो, "अभ्यास कर, नाहीतर शेळ्या राखशील!" वर्ग हसतो. ज्याच्या घरी खरंच शेळ्या आहेत, ते मूल मात्र हसत नाही. मीही हे वाक्य अनेकदा बोललो आहे. ते का सोडलं, ते आज सांगतो.

आमचा भाग धरमतर खाडीच्या काठचा. एका बाजूला खारेपाटाची शेतं आणि बांध, दुसऱ्या बाजूला डोंगराच्या पायथ्याच्या वाड्या. पावसाळा संपला की शाळेमागे रान माजतं. घाणेरी, रानमोडी, बोरीची आणि करवंदाची जाळी. मुलं तिकडे चेंडू आणायला गेली की सापाची भीती. एका वर्षी मला वाटलं, मजूर कशाला लावायचे? वाडीवरच्या शेळ्या दोन दिवस सोडू, रान आपोआप साफ होईल.

वर्गातला एक मुलगा, जो शेळ्यांपायी आठवड्यातून दोन दिवस शाळा बुडवायचा, हळूच म्हणाला, "गुरुजी, घाणेरीला बकरी तोंड लावत नाय. ती पयली तुमची झाडं खाईल." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दोन दिवसांनी बघतो तर बोरीचा पाला साफ, करवंदीचे कोवळे शेंडे साफ आणि आम्ही जुलैत लावलेली शेवग्याची रोपं बुडख्यापर्यंत साफ! घाणेरी आणि रानमोडी मात्र जशीच्या तशी. उलट आजूबाजूची झुडपं गेल्यामुळे त्यांना जास्तच मोकळीक मिळाली. मुलाचं शब्द न् शब्द खरं ठरलं होतं.

मग मी त्याला बसवून घेतलं आणि विचारत गेलो. जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

शेळी गाईसारखी खाली मान घालून गवत कापत नाही. तिला उंचीवरचा पाला आवडतो. पुढचे पाय फांदीवर टेकवून ती लवचीक ओठांनी काट्यांमधलं पानही वेचून काढते. पण ती निवडून खाते. घाणेरी विषारी असते. उन्हाळ्यात दुसरं काही मिळालं नाही आणि भुकेपोटी ती खाल्ली, तर जनावराच्या यकृतावर परिणाम होतो आणि उन्हात कातडी भाजल्यासारखी होते. म्हणून घाणेरी माणसानेच कोयत्याने तोडायची, कुदळीने मुळासकट काढायची. बाकीच्या झुडपांवर शेळी एकदा सोडून भागत नाही. खाल्लेलं झुडूप मुळातल्या साठ्यावर पुन्हा फुटतं. फुटवा आला की परत चारायचं. असं तीन-चारदा झालं की मूळ थकतं. आणि जे झाड जगवायचं आहे त्याला आधी काट्यांचं कुंपण, मग शेळी.

पावसाळ्यात सकाळी दव असताना शेळ्या सोडायच्या नाहीत, हेही त्याला माहीत होतं. कारण विचारलं तर म्हणाला, "पोटात जंत होतात." बरोबरच आहे. जंतांची पिल्लं ओल्या गवतावर चढून बसतात आणि गवताबरोबर पोटात जातात. हे सगळं दहा वर्षांच्या मुलाला येत होतं, आणि माझ्या हजेरीपटावर तो ‘अप्रगत’ होता.

आता बघा, ज्या कामाची आपण वर्गात धमकी देतो, त्याच कामाचा अभ्यास दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात होतो. सिंधुदुर्गातली मूळची कोंकण कन्याळ शेळी इथल्या पावसाला टिकते म्हणून तिथे शास्त्रज्ञांनी तिच्यावर काम केलं. गांधीजी मोठ्या आजारपणानंतर १९१९च्या सुमारास शेळीचं दूध घेऊ लागले आणि पुढे ते घेतच राहिले. मग आपल्यालाच शेळी कमीपणाची का वाटावी?

तुम्ही म्हणाल, "म्हणजे मुलांनी शाळा सोडून शेळ्या राखाव्यात का?" अजिबात नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो की ६ ते १४ वयाचं प्रत्येक मूल शाळेत हवं, आणि ते बरोबरच आहे. शाळेच्या वेळेत शेळ्यांमागे फिरणाऱ्या मुलाचं जे नुकसान होतं ते कुठल्याही अनुभवाने भरून निघत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या त्या वाक्याने मूल शाळेत येत नाही, उलट लांब जातं. ज्या कामावर त्याचं घर चालतं, त्यावर आपण वर्गाला हसवतो. मग त्याने वर्गात का बसावं?

त्यापेक्षा शेळीच वर्गात आणू या, धड्याच्या रूपाने. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. १ ऑक्टोबरला फळलेली शेळी कधी विणार? मुलांना दिनदर्शिकेवर मोजू द्या, २८ फेब्रुवारीच्या आसपास उत्तर येईल. करडांनी प्यायल्यावर उरलेलं दूध आठवडाभर मोजून त्याचा आलेख काढता येतो. परिसर अभ्यासात ‘शेळी काय खाते, काय खात नाही’ अशी पानं गोळा करून यादी करता येते. आणि खाडीकाठी राहणाऱ्यांनी तिवरांवर बोललंच पाहिजे. शेळ्यांना तिवराचा पाला आवडतो, पण तीच तिवरं भरतीच्या लाटा अडवून आपले बांध राखतात. मग कुठे चारायचं आणि कुठे नाही? हा प्रश्न पुस्तकात नाही. त्याचं उत्तर आपल्या मुलांनीच शोधायला हवं.

पालकांनाही विनंती. शाळेच्या वेळेत शेळ्या गोठ्यातच ठेवा. सकाळी तोडून आणलेल्या पाल्याच्या पेंढ्या उंचावर टांगा. जमिनीवर टाकलेला, तुडवलेला पाला शेळी खात नाही. पावसाळ्यात बसायला कोरडा माच करा, नाहीतर खूर सडतात. लसीकरण पावसाळ्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यातून करून घ्या. चारायला न्यायचं ते शाळा सुटल्यावर.

त्या वर्षी शाळेमागचं रान आम्ही पुन्हा साफ केलं. आधी घाणेरी मोठ्यांनी तोडली, रोपांना कुंपण घातलं, मग शेळ्या आल्या. कुठली जाळी आधी आणि कुठली नंतर, हे त्या मुलाने ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर उभं राहून वर्गाला समजावलं. त्यानंतर त्याची गैरहजेरी एकदम संपली असं नाही, पण कमी झाली. आणि न आल्याचं कारण तो खरं सांगू लागला. माझ्यासाठी तेवढंही खूप आहे.

तेव्हा पुढच्या वेळी ते वाक्य ओठांवर आलं की थांबा. त्याऐवजी विचारून बघा, "तुझ्या शेळ्या काय काय खातात रे?"