रंगकामाला परवाना लागत नाही, मग आपली मुलं अडतात कुठे?

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत पावसाळा सरला की इमारतींना परांच्या चढतात. चार महिन्यांच्या ओलीने भिंती फुगलेल्या असतात, पापुद्रे सुटलेले असतात. सोसायट्या कोटेशन मागवू लागतात. पुट्टी भरणाऱ्या, झुल्यावर बसून रोलर फिरवणाऱ्या हातांत आपल्या वस्त्यांतली मुलं आहेत. कोटेशन देणाऱ्यांत मात्र ती आम्हाला क्वचितच दिसतात.

या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "दादा, पेंटिंगचं लायसन कुठे काढायचं?" असं लायसन नाहीच, हे ऐकून त्यांचा विश्वास बसत नाही. वीजकामाला राज्यात वायरमनचा परवाना लागतो, रंगकामाला काही नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात रंगकामाच्या ठेकेदाराला चार वर्षांचा अनुभव दाखवून सरकारी परवाना घ्यावा लागतो. तिथे दार अरुंद आहे, पण आत गेलेल्याच्या हाती कौशल्याचा पुरावा राहतो. आपल्याकडे दार सताड उघडं, आणि पंधरा वर्षं रंग मारलेल्या माणसाकडे दाखवायला काही नाही. मग सोसायटीची कमिटी हात बघत नाही, कागद बघते.

हे कागद फार महागही नाहीत. उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून आधारवर ऑनलाइन होते आणि ती पूर्ण मोफत आहे. तिचे हजार-पाचशे घेणाऱ्या एजंटाला सरळ नाही म्हणा. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दहापेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणी नको, ऑनलाइन सूचना पुरेशी ठरली. ठेकेदाराचा व्यवसाय कर वर्षाला 2,500 रुपये. जीएसटी वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की. रंगाचे डबे सोसायटीनेच घेतले आणि आपण फक्त मजुरी लावली तर ही रेषा लांब राहते. खरी अडचण पत्त्याची. चाळीत भाड्याने राहणाऱ्याला घरमालक करारनामा करून देत नाही, आणि गाडी तिथेच थांबते.

सरकारी मदतीतही रंगारी सुटून गेला आहे. 2023 च्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. त्यात सुतार, लोहार, गवंडी आहेत, इमारत रंगवणारा नाही. योजना कुटुंबात चालत आलेल्या पारंपरिक धंद्यांवर बेतलेली आहे, आणि याच अटीवर तामिळनाडू सरकारने आक्षेप घेतला होता. जातीचा धंदा सोडून ज्यांनी ब्रश हातात घेतला, त्यांचा धंदा या यादीत बसत नाही. हा योगायोग आहे असं आम्हाला वाटत नाही. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाचं बीजभांडवल अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे, तिथे अर्ज करावाच.

आता कळीचा मुद्दा. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आस्थापना कायद्याची दहाची मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. बातम्यांनी याला धंदा सुलभ झाला म्हटलं, आणि नव्या ठेकेदाराला तो होईलही. पण कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, जादा कामाचा दुप्पट पगार हे हक्क याच कायद्यात आहेत. मर्यादा वर गेली की दहा ते एकोणीस जणांच्या टोळीतला मजूर त्यातून बाहेर पडतो. ठेकेदार आपला आणि मजूरही आपलाच, तेव्हा या निर्णयाचं नुसतं स्वागत आम्हाला करता येत नाही.

नुकताच पहिला ठेका घेतलेल्या एका तरुणाने आम्हाला विचारलं, आणखी काय लागेल? आम्ही म्हटलं, हजेरीची वही आणि कामगारांचा विमा. झुल्यावरून कुणी पडला तर भरपाई मालक म्हणून तुझ्याकडे मागितली जाणार. शिवाय बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव घालायला वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. गेली आठ वर्षं त्याला स्वतःला तो एकाही ठेकेदाराने दिला नव्हता. आता त्याच्या हाताखाली सहा जण आहेत आणि दाखल्यावर सही त्याची लागणार आहे. वही त्याने त्याच दिवशी विकत घेतली.