दोन अक्षरं आणि एंटर

मंडळी, आज सकाळी चहा पिता पिता मोजले, तर माझ्या मॅकवर १३७ प्रोजेक्ट निघाले. कामाचे, अर्धवट सोडलेले, 'नंतर बघू' म्हणून क्लोन केलेले. पूर्वी त्यातला एखादा उघडायचा म्हणजे फाइंडर, मग फोल्डर, त्यात फोल्डर, त्यात अजून एक फोल्डर. तिथे पोचेपर्यंत कशासाठी आलो तेच विसरायचो. आई स्वयंपाकघरात जाऊन "मी इथे कशाला आले बरं?" म्हणते ना, अगदी तस्सं.

यावरचा उपाय काही नवा नाही. २००३ मध्ये मॅकवर क्विकसिल्व्हर आलं, २००५ मध्ये ॲपलनेच स्पॉटलाइट दिलं, २०१० मध्ये अल्फ्रेड, २०२० मध्ये रेकास्ट. विंडोजवाल्यांकडेही पॉवरटॉइज आहे. सगळ्यांची रीत एकच: शॉर्टकट दाबा, दोन अक्षरं टाइप करा, एंटर मारा.

मी अल्फ्रेड वापरतो. त्यात स्वतःचा वर्कफ्लो लिहिता येतो (पॉवरपॅकचे पैसे मोजावे लागतात, पण ते वसूल होतात). माझी स्क्रिप्ट अगदी साधी आहे. कोडच्या मुख्य फोल्डरखाली जिथे जिथे 'डॉट गिट' सापडेल, तो प्रोजेक्ट. त्यांची यादी जेसनमध्ये अल्फ्रेडला द्यायची आणि निवडलेला प्रोजेक्ट व्हीएस कोडमध्ये उघडायचा. बस्स! मी म्हटलं, जिंकलो.

मग एका रात्री दीड वाजता फोन आला. प्रॉडक्शन बंद. अल्फ्रेड उघडलं, दोन अक्षरं, एंटर. चूक शोधली, सुधारली, पण टेस्ट काही केल्या पास होईना. चाळीस मिनिटांनी ट्यूब पेटली, की मी जुन्या क्लोनमध्ये बसलोय! एकाच नावाचे दोन फोल्डर होते. आपण वारंवार काय निवडतो ते पाहून अल्फ्रेड तीच गोष्ट वर आणतं. मी वर्षभर जुनाच उघडत होतो, म्हणून तो वर. त्याने सांगितलं तेच केलं. गाढव मीच.

तर मुद्दा असा, की लाँचरची स्तुती करणारे लोक नेहमी वाचलेले सेकंद मोजतात. मला ते पटत नाही. सेकंद वाचवून आपण करतो काय, तर चॅट उघडतो! खरा फायदा म्हणजे डोक्यातला विचार तुटत नाही. पण पसारा असेल तर हेच हत्यार तुम्हाला चुकीच्या जागीही तितक्याच वेगाने पोचवतं. फोल्डर धुंडाळताना निदान रस्ता तरी डोळ्यांखालून जात होता.

म्हणून आता माझे तीन नियम. एक, सगळा कोड एकाच मुख्य फोल्डरखाली आणि एका प्रोजेक्टचा एकच क्लोन. दोन, यादीत नावाखाली पूर्ण पाथ आणि ब्रँच दिसलीच पाहिजे. तीन, स्क्रिप्टमधून 'यूआयडी' काढून टाकला. तो नसला, की अल्फ्रेड आपल्या सवयीप्रमाणे क्रम बदलत नाही, आपण दिला तोच ठेवतं. मी शेवटची कमिट ज्यात ताजी, तो प्रोजेक्ट वर ठेवतो.

आधी घर आवरा, मग लाँचर लावा. उलटं केलंत तर रात्री दीडचा फोन तुमचीही वाट बघतोय.

असो. १३७ पैकी ९० आज उडवायचेत. चहा केव्हाच गार झालाय!