पाणकर आजारी पडला, तलाव आटला नाही



आज घरातल्या एका मुक्या यंत्राविषयी बोलू. पुण्या-नागपुराला नोकरी करणारी लेक सुट्टीत घरी येते. कपाटाशेजारी जुना संगणक मांडते, त्यात दोन मोठ्या डिस्क बसवते आणि सांगते, "आई, आता सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो यात आपोआप साठतील." यालाच घरचा सर्व्हर म्हणतात. सातबाऱ्याची नक्कल, धानविक्रीच्या पावत्या, मुलांचे दाखले, लग्नाची चित्रफीत, इतकेच काय, गेलेल्या माणसांचे आवाजही त्यात राहतात. तीन-चार वर्षे तो बिनबोभाट चालतो. मग एखाद्या पावसाळी रात्री वीज चारदा जाते-येते आणि सकाळी तो उठत नाही. घरात एकच हाय उमटते: सगळे गेले!

थांबा. पुष्कळदा काहीच गेलेले नसते.

आपल्या भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव डोळ्यांपुढे आणा. पाणी तलावात असते. पण कोणत्या बांधीला कोणत्या दिवशी किती द्यायचे, हे पाणकराला ठाऊक असते. पाणकर आजारी पडला तर वाटप थांबते, तलाव आटत नाही. घरच्या सर्व्हरचेही तसेच आहे. ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट यांसारखी प्रणाली घातलेल्या सर्व्हरात एक लहान डिस्क वेगळी असते. यंत्र सुरू करणारी प्रणाली तिच्यावर असते. तिला बूट डिस्क म्हणतात. ती झाली पाणकर. फोटो-कागद मोठ्या डिस्कांवर असतात. तो झाला तलाव.

कित्येक जण बूट डिस्क म्हणून साधा पेनड्राइव्ह लावतात. त्यावर रात्रंदिवस बारीकसारीक नोंदी लिहिल्या जातात, आणि असे लिखाण सोसण्याइतका तो टिकाऊ नसतो. तो झिजून बसला तर नवल नाही. बाजारात मिळणाऱ्या सिनॉलॉजीसारख्या तयार पेटीची रचना मात्र निराळी असते. तिथे प्रणालीचा भाग साठवणीच्याच डिस्कांवर असतो. तेव्हा खालचे सांगणे त्या पेटीला जसेच्या तसे लावू नका.

आता करायचे काय?

पहिले काम, यंत्र बंद करून दुखणे कुठे आहे ते पाहणे. वीज नीट येते का? डिस्कची तार सैल झाली का? आतल्या मुख्य पाटीवर रुपयाएवढी एक बटण-बॅटरी असते. ती संपली तर यंत्र तारीख विसरते आणि कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे तेही विसरू शकते. ती बदलून बूट डिस्कचा क्रम पुन्हा लावला की कधीकधी तेवढ्यावरच काम भागते. पण मोठ्या डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असेल, तर ते दुखणे पाणकराचे नव्हे, तलावाच्या पाळीचे. मग यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका. ती डिस्क जाणत्या माणसाकडेच न्या.

दुसरे काम, खुणा करणे. काही काढण्यापूर्वी मोबाइलने आतला फोटो घ्या. प्रत्येक डिस्कला आणि तिच्या तारेला चिकटपट्टीने एक, दोन, तीन असे आकडे लावा.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे. नव्या लहान डिस्कवर प्रणाली घालण्याआधी मोठ्या डिस्कांच्या तारा काढून ठेवा. प्रणाली घालताना ती जिथे घालायची त्या डिस्कवरचे सगळे पुसले जाते. घाईत बोट चुकले आणि साठवणीची डिस्क निवडली, तर आजवर सुखरूप असलेला तलाव तुम्ही आपल्याच हाताने फोडलात. तारा काढलेल्या असल्या म्हणजे चुकायला जागाच उरत नाही.

चौथे काम, यंत्र बंद करून मोठ्या डिस्क पुन्हा जोडणे आणि नव्या प्रणालीला जुनी साठवण ओळखायला सांगणे. ट्रूनॅसमध्ये इथे दोन शब्द भेटतात. 'इम्पोर्ट' म्हणजे असलेली साठवण आत घे. 'क्रिएट' म्हणजे नवी साठवण तयार कर, आणि त्यात जुने पुसले जाते. आपल्याला इम्पोर्टच हवे. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये असलेली डिस्क फक्त 'माउंट' करायची असते, फॉरमॅट करायची नसते.

साठवण दिसू लागली, पण फोटो उघडताना "परवानगी नाही" असे आले, तर रडू नका. कोणती फाइल कोणाची, हे यंत्र नावापेक्षा क्रमांकाने ओळखते. नव्या प्रणालीत तुमचा क्रमांक बदललेला असतो. जाणकार माणूस मालकी पुन्हा लावून देतो. धान कोठीतच आहे, फक्त किल्ली बदलली आहे.

आणखी एक सावधगिरी. घाबरून कोणी ती डिस्क शेजारच्या विंडोज संगणकाला जोडतो. विंडोजला त्या डिस्कची लिपी बहुधा वाचता येत नाही, म्हणून ते म्हणते, वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करा. तिथे 'नाही' म्हणा. दुरुस्तीच्या दुकानात डिस्क दिली तरी बजावून सांगा, आणि डिस्कवर कागद चिकटवून लिहा: "आत घरचे कागद व फोटो आहेत. फॉरमॅट करू नये."

आता पुढची व्यवस्था. 1951 साली मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे गेले. पाणी तेच, पाळ तीच, पण वाटपाची आणि देखभालीची जुनी घडी पुष्कळ गावांत विसकटली. नुसता तलाव असून भागत नाही, तो चालवण्याची माहितीही जपावी लागते. घरच्या सर्व्हरची सारी माहिती एकट्या लेकीच्या डोक्यात असेल, ती परगावी असेल आणि तिचा फोन लागत नसेल, तर घरच्यांनी काय करावे?

म्हणून लेकीला पुढच्या सुट्टीत दोन गोष्टी करायला लावा. एक, सर्व्हरच्या मांडणीची फाइल, जिला कॉन्फिग म्हणतात, ती उतरवून पेनड्राइव्हवर काढणे. ट्रूनॅसमध्ये ही सोय आहे. फाइल उतरवताना गुप्त बीजही सोबत घ्यायचे का, असे ते विचारते, तेव्हा हो म्हणायचे. ही फाइल जवळ असली की नवा पाणकर जुन्याची सगळी वही घेऊनच कामाला लागतो. दोन, एका कागदावर मराठीत लिहून ठेवणे: प्रणालीचे नाव, कोणती डिस्क कशाची, पासवर्ड, आणि साठवण कुलूपबंद केली असेल तर तिची किल्ली. कुलूपबंद साठवणीची किल्ली हरवली, तर डिस्क ठणठणीत असूनही आतले परत मिळत नाही. हा कागद आणि पेनड्राइव्ह जमिनीच्या कागदांसोबत पेटीत ठेवा.

कोणी म्हणेल, आमच्याकडे दोन डिस्क आहेत, एक गेली तर दुसरी आहे. बरोबर, पण त्या दोन्ही एकाच पेटीत, एकाच घरात आहेत. 2020 साली ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहरात पाणी शिरले. पुराचे पाणी एक डिस्क भिजवून दुसरी कोरडी ठेवत नाही. वीज पडली किंवा चोर शिरला तरी तेच. एक प्रत घराबाहेर हवी. लेकीच्या सासरी, भावाकडे, कोठेही, पण नदीच्या त्याच काठावर नको.

सगळ्याची प्रत काढणे जमत नसेल तर निवड करा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 2018 पासून महाभूमीच्या संकेतस्थळावरून काढता येतो. बऱ्याच परीक्षांच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळतात. या गोष्टी पुन्हा मिळतील. आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या, वडिलांचा शेवटचा फोटो, नातवाचे पहिले बोल मात्र जगात दुसरीकडे कोठेही नाहीत. प्रत आधी त्यांची काढा.

काढलेली प्रत उघडते की नाही, हे कोण पाहणार? खंडेनवमीला आपण नांगर, विळे, कोयते पुसून पुजतो. त्याच दिवशी ती बाहेरची डिस्कही जोडून पाहावी. दोन-चार फोटो उघडावेत, एखादा आवाज ऐकावा, आणि मगच हळदकुंकू वाहावे. बियाणे उगवते की नाही हे आपण पेरणीआधी मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहतो. न तपासलेली प्रत म्हणजे न तपासलेले बियाणे.

यंत्र आज ना उद्या बंद पडणारच. त्या दिवशी घरात घाबरणारा कोणी नसावा, आणि पेटीतला तो कागद सर्वांना ठाऊक असावा.