उभ्या पिकाची आणेवारी

वर्षअखेर जवळ आली की आगामी साली कोणते नवे गायक आणि कोणती नवी वाद्यवृंद-मंडळी उदयास येणार याच्या याद्या पाश्चात्त्य संगीतसृष्टीत, आणि अलीकडे तिच्या अनुकरणाने आपल्याकडेही, प्रसिद्ध होऊ लागतात. आणि या याद्यांकडे केवळ करमणुकीचा विषय म्हणून पाहणे मला उचित वाटत नाही, कारण ज्या तरुण कलावंताचे नाव त्यांत येते, त्याच्या पुढील आयुष्यक्रमाला त्या एका नोंदीने वेगळे वळण लागलेले मी वारंवार पाहिले आहे.

या सर्व याद्यांत वजनदार मानली जाते ती बीबीसीची ‘साउंड ऑफ’ ही निवड. २००३ सालापासून चालत आलेल्या या प्रघाताप्रमाणे समीक्षक, नभोवाणीवरील कार्यक्रमांचे नियोजक, महोत्सवांचे व्यवस्थापक अशा शंभराहून अधिक जाणत्यांची मते मागवली जातात आणि जानेवारीत अव्वल ठरलेल्यांची नावे क्रमाने जाहीर होतात. २००८ साली हा मान अडेलला मिळाला आणि तिच्या ‘नाइन्टीन’ या पहिल्याच संग्रहाने निघताच ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक पटकावला. भाकीत खरे ठरल्याचा हा दाखला नेहमी दिला जातो. परंतु मत देणारे आणि नंतर त्या गाण्यांना प्रक्षेपणाची वेळ व महोत्सवात जागा देणारे लोक पुष्कळ अंशी एकच असतात, सबब शिफारस करणाराच तिची अंमलबजावणी करीत असेल तर ती फळाला येण्यात विशेष नवल उरत नाही. यात मला गैर दिसत नाही. गुणी माणसाची वाट मोकळी करून देणे हे जाणत्यांचे कर्तव्यच आहे.

माझा आक्षेप आहे तो मुदतीला. २००९ साली लिटल बूट्स ही गायिका अव्वल ठरली, त्याच यादीत तिच्या खाली लेडी गागाचेही नाव होते, आणि वर्ष उजाडते न उजाडते तोच गागाचे ‘जस्ट डान्स’ ब्रिटनमध्ये शिखरावर जाऊन बसले. लिटल बूट्सचा ‘हँड्स’ हा पहिला संग्रह त्या वर्षी तेथील क्रमवारीत पाचव्या स्थानापर्यंत पोचला होता. नवख्या गायिकेने याहून अधिक काय करावे? पण भाकिताच्या मापाने मोजल्यामुळे तेच यश अपयशाच्या खाती जमा झाले, आणि पुढे ती स्वतःची कंपनी काढून निष्ठेने गात राहिली याची दखल तिला निवडणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी घेतली.

आपल्या महसूल खात्यात पीक उभे असतानाच नजरेने अजमास करून आणेवारी काढण्याची वहिवाट जुनी आहे. पण ती नजर-आणेवारी अखेरची कोणीच मानीत नाही, पुढे तिची दुरुस्ती होते, प्रत्यक्ष कापणी पाहून अंतिम आकडा ठरतो, आणि मगच शेतसाऱ्याच्या सवलतीचा निवाडा होतो. संगीतातील भाकीतकारांच्या दप्तरात ही दुसरी आणि तिसरी नोंदच नाही. जानेवारी आला की नवे शेत आणि नवा अजमास.

मायकेल किवानुका हा २०१२ चा मानकरी. त्याचा पहिला संग्रह त्याच वर्षी आला. दुसरा येण्यास २०१६ उजाडले. आणि २०१९ साली स्वतःच्याच आडनावाने काढलेल्या तिसऱ्या संग्रहाला पुढील वर्षी मर्क्युरी पारितोषिक मिळाले. निवड अचूक होती, केवळ तिला आठ वर्षे लागली. चॅपल रोनची कथा तर याच्या उलट्या टोकाची आहे. अमेरिकेतील मिझुरी राज्यात वाढलेल्या या मुलीने वयाच्या सतराव्या वर्षी एका मोठ्या कंपनीशी करार केला. २०२० साली ‘पिंक पोनी क्लब’ हे गीत निघाले आणि काही महिन्यांतच कंपनीने तिला निरोप दिला. ते गीत ज्याने घडविले तो डॅन नायग्रो पुन्हा तिच्याबरोबर कामास बसला, २०२३ मध्ये त्याच्याच संस्थेमार्फत तिचा संग्रह बाहेर पडला, २०२४ मध्ये तो ब्रिटनच्या क्रमवारीत पहिला आला, आणि त्यानंतर, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत, उद्याची गायिका म्हणून बीबीसीने तिला अव्वल स्थान दिले! माझ्या लेखी या प्रकरणातील खरा जाणता नायग्रो होय, कारण नाव कोठेच नव्हते त्या काळात त्याने आपले श्रम तारण ठेवले.

आपल्या परंपरेत, भाकीत केव्हा खरे ठरले म्हणावे या प्रश्नाचा सर्वांत गहन दाखला कुमार गंधर्वांचा आहे. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये अकरा-बारा वर्षांच्या या मुलाने भल्याभल्या गवयांना थक्क केले, तेव्हा त्याच्या भवितव्याविषयी भाकीत करण्यास कोणाही जाणत्याची हरकत नव्हती; आणि १९४७ च्या अखेरीस क्षयाने त्यांना गाठले, डॉक्टरांनी गाण्याची मनाई केली, हवापालटासाठी ते देवासला जाऊन राहिले, तेव्हा ते भाकीत बुडाले असे म्हणण्यासही तितक्याच जाणत्यांची हरकत नसावी. परंतु अंथरुणाला खिळलेल्या त्या वर्षांत रस्त्याने गात जाणाऱ्या माळव्यातील बायकांच्या गाण्यांकडे त्यांचे कान लागले, त्या धुनांतील रागाचे बीज त्यांनी न्याहाळले, आणि पाच-सहा वर्षांनी मैफलीत परत आले तेव्हा एका फुप्फुसाच्या बळावर, छोट्या छोट्या सुरावटींचे, मधल्या स्तब्धतेलाही अर्थ देणारे असे एक गाणे त्यांच्यापाशी होते की जे १९३६ साली कोणाच्या कल्पनेतही येणे शक्य नव्हते. त्या बालकाचे भाकीत खरे ठरले असे म्हणावे, तर गाणे निराळेच निघाले. चुकले असे म्हणावे, तर माणूस तोच होता.

आजच्या मराठी गीतांच्या बाजारातही हेच दिसते. जळगावकडच्या संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ २०२४ साली देशभर वाजले, त्याच वर्षी ‘तांबडी चामडी’ परदेशी नाचघरांपर्यंत गेले, आणि यांपैकी काही घडेल असे वर्षारंभी कोणत्या यादीने सांगितल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. ते न सांगितल्याबद्दल माझी तक्रार नाही. चिंता आहे ती या तरुणांना तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी, मागील गाण्याची नक्कल न करण्याची मुभा कोण देणार याची.

म्हणून महाराष्ट्रातील महोत्सवांच्या चालकांपुढे मी एक तजवीज मांडतो. ज्या नवोदिताला या हंगामात आमंत्रण दिले असेल, त्याला लागोपाठ तीन वर्षे बोलवावे. पहिल्या वर्षी अर्धा तास दिला तर तिसऱ्या वर्षी दोन तास द्यावेत. आणि मधल्या वर्षी त्याचे गाणे फिके झाले तरी हे आमंत्रण मागे घेऊ नये. खर्च वाढेल असे नाही, एखाद्या गाजलेल्या नावाचे मानधन तेवढे कमी करावे लागेल. या सदरापुरते सांगायचे तर जानेवारीत मीही काही नावे लिहीन, परंतु त्या प्रत्येकाला मी प्रत्यक्ष बसून ऐकलेले असेल, आणि तीच नावे पुढील जानेवारीत व त्याच्या पुढीलही जानेवारीत, नव्या नावांच्या आधी, येथे पुन्हा रुजू होतील.

— ‘श्रोता’