चालता लॅपटॉप अडगळीत का टाकायचा?



२०२५च्या दिवाळीत साताऱ्याहून बाबांचा फोन आला. "लॅपटॉपवर सारखी सूचना येतेय. विंडोज १० ला आता अपडेट मिळणार नाहीत म्हणे. काय करू?" मी हातातले काम न थांबवता उत्तर दिले, "नवीन घ्या बाबा, मी पैसे पाठवते." पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "अगं, पण हा चालतोय की!"

ते वाक्य डोक्यातून जाईना. पर्यावरणावर तावातावाने बोलणारी मी, आणि चालती वस्तू टाकून द्या असे सांगायला मला दोन सेकंदही लागले नाहीत. परदेशात राहून आपल्याला ही सवय लागते. घरून अडचण कळली की पैसे पाठवायचे आणि मोकळे व्हायचे.

आधी वस्तुस्थिती पाहू. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नेहमीचा आधार संपला. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-अपडेटची वाढीव मुदत दिली गेली, पण ती तात्पुरती मलमपट्टी. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. ही पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. बाबांचा लॅपटॉप २०१६चा. म्हणजे यंत्र धडधाकट, पण यादीत नाव नाही.

या अटी निव्वळ लबाडी आहेत असे मी म्हणणार नाही. पासवर्ड आणि किल्ल्या वेगळ्या चिपमध्ये ठेवणे खरोखरच अधिक सुरक्षित असते. अपडेट बंद झालेला संगणक इंटरनेटला जोडून बँकेचे व्यवहार करणे हाही शहाणपणा नव्हे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले, ते अपडेट न केलेल्या संगणकांमुळेच. आमच्या प्रयोगशाळेतही एका जुन्या उपकरणाचा संगणक अजून विंडोज एक्सपीवर चालतो, पण त्याला नेटवर्कपासून पूर्ण तोडून ठेवले आहे. तेव्हा "काही होत नाही, चालू द्या" हे उत्तर नाही. पण "फेकून द्या" हेही उत्तर नाही.

कारण फेकलेली वस्तू कुठेतरी जातेच. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराच कचरा गरीब वस्त्यांमध्ये उघड्या हातांनी फोडला जातो, जाळला जातो. शिवाय लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो तयार होतानाच होऊन गेलेला असतो. म्हणजे आहे तो लॅपटॉप आणखी पाच वर्षे वापरणे हीच खरी बचत.

डिसेंबरात घरी गेले तेव्हा मी दोन दिवस त्याच कामाला दिले. आधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून पाहिले. लॅपटॉपमध्ये काहीही न बदलता अशी चाचणी घेता येते. वाय-फाय, आवाज, प्रिंटर सगळे चालले. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली आणि मिंट २२ टाकले. तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तीही फुकट. जुना स्कॅनर मात्र काही केल्या चालला नाही, आणि केवळ विंडोजवरच चालणारा एखादा प्रोग्राम ज्यांना रोज लागतो त्यांना ही वाट सोयीची नाही, हेही सांगायला हवे.

खरी गंमत पुढेच झाली. बाबा गावच्या वाचनालयाचे अनेक वर्षे चिटणीस होते. सभांची इतिवृत्ते त्यांनी स्वतः टाइप केलेली. ती फाइल उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला. अशा फाइलीत अक्षरे रोमनच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. फॉन्ट गेला की मराठी गेली. र. कृ. जोशी यांनी घडवलेला युनिकोड 'मंगल' विंडोज २००० बरोबरच आला होता, पण त्यानंतरही कित्येक वर्षे आपण जुन्याच फॉन्टमध्ये टाइप करत राहिलो. कन्व्हर्टरने मजकूर बदलून घेतला. पहिल्या वेलांट्या आणि रफार जागा चुकले होते, ते बाबांनी चष्मा पुसत एकेक करून दुरुस्त केले. मी सांगितल्याप्रमाणे नवा लॅपटॉप घेऊन हा भंगारात दिला असता, तर फॉन्टही त्याच्याबरोबर गेला असता. फाइली उरल्या असत्या, पण वाचणार कोण?

म्हणून माझे म्हणणे असे. वस्तू कधी निरुपयोगी झाली हे ठरवण्याचा हक्क आपण मुकाट्याने उत्पादकाच्या हाती देऊ नये. युरोपीय महासंघाने २० जून २०२५ पासून फोन आणि टॅब्लेटसाठी नियम लागू केला, की विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट मिळाले पाहिजेत. लॅपटॉपला तो लागू नाही. तो लॅपटॉपलाही लागू व्हावा, आणि आपण राहतो त्या देशांतही व्हावा, ही मागणी आपण आपल्या लोकप्रतिनिधींकडे लावून धरायला हवी. आपल्यापैकी बरेच जण याच व्यवसायात आहेत, त्यांच्या शब्दाला वजन आहे.

आणि कायदा होईपर्यंत? सुट्टीत घरी जाल तेव्हा एक पेनड्राइव्ह खिशात ठेवा. गावच्या शाळेला जुना लॅपटॉप द्यायचा असेल तर आधी त्यावर अपडेट मिळणारी प्रणाली टाका, नाहीतर ते दान नव्हे, आपला कचरा दुसऱ्याच्या अंगणात टाकणे आहे. जुन्या मराठी फाइली मूळ फॉन्ट हाताशी आहे तोवरच युनिकोडमध्ये आणून ठेवा.

बाबा आता त्याच लॅपटॉपवर वाचनालयाचा इतिहास लिहिताहेत. परवा फोनवर म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं, चालतोय म्हणून!"