इंजिन निवेपर्यंत

मराठी शिकवणाऱ्या माणसाने यंत्राविषयी लिहू नये असा एक संकेत आहे. आमच्या महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक मला तो अधूनमधून हसत हसत ऐकवतात. परंतु गेल्या मे महिन्यात धावड्याच्या अलीकडे दोन किलोमीटरवर माझ्या गाडीने मला असा एक धडा दिला, की तो वाचकांना सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

आमचे गाव भोकरदन तालुक्यात, धावड्याच्या जवळच. एका अंगाला अजिंठ्याचा डोंगर, दुसऱ्या अंगाला बुलढाणा जिल्ह्याची हद्द. महानुभावांचे जाळीचा देव हे स्थानही याच परिसरात. मुलूख मिरचीचा. उन्हाळ्याच्या ऐन तडाख्यात इथले शेतकरी गादीवाफ्यांवर कागद अंथरून, ठिबकच्या थेंबाथेंबावर मिरचीची रोपे जगवतात. अशा मुलखात भांडण जमिनीवरून होत नाही, पाण्यावरून होते. आमचेही तसेच झाले.

वडील गेले आणि दहा एकर जमिनीचे दोन भाग करायचे ठरले. जमिनीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. विहीर मात्र एकच. माझा हिस्सा मी ठोक्याने द्यायचे म्हटले. घेणाऱ्याने निम्म्या पाण्याची पाळी मागितली, आणि मी जालन्याला बसून ती कबूल करून टाकली. दादांना हे तिसऱ्याच माणसाकडून कळले. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर सहा महिने ते काहीच बोलले नाहीत. मी फोन केला की "बरंय" म्हणत आणि फोन वहिनींकडे देत. राग निवळला असावा, अशी मी आपली समजूत करून घेतली. शेवटी बुलढाण्याच्या मामांनी दोघांनाही बोलावणे धाडले. मी जालन्याहून गाडी घेऊन निघालो, गावात दादांना घेतले, आणि आम्ही दोघे सख्खे भाऊ दोन परक्या उतारूंसारखे शेजारी शेजारी बसून निघालो.

पंधरा-एक मिनिटे गेली असतील. समोरच्या फळीवर तापमानाचा काटा असतो. एरवी तो मध्यावर मुकाट बसलेला असतो, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. त्या दिवशी पाहिले, तर तो लाल रेघेला टेकला होता. माझ्या छातीत धस्स झाले. पण मिनिटाभरात तो आपणहून सरसर खाली आला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि गाडी तशीच दामटली.

वाचकहो, इथेच मी फसलो. काटा ज्याच्या जोरावर हलतो ती तापमापकाची घुंडी पाण्यात बुडालेली असते. पाणीच वाहून गेले, की ती कोरडी पडते आणि पुष्कळदा काटा खाली येतो. ताप उतरलेला नसतो, ताप सांगणाराच उरलेला नसतो. अर्धा किलोमीटर गेलो नाही तोच बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ उसळली आणि गाडीत एक गोडसर वास दरवळला.

गाडी कडेला घेतली, बंद केली. वर मे महिन्याचे ऊन, मामा वाट पाहणार, शेजारी न बोलणारे दादा. मला घाई झाली. बॉनेट उघडले आणि खिशातला रुमाल गुंडाळून मी झाकणाला हात घातला.

"हात काढ!"

सहा महिन्यांत दादांनी मला उद्देशून उच्चारलेले हे पहिले दोन शब्द. नुसते उच्चारले नाहीत, माझे मनगट धरून मला मागे ओढले.

"पाणी घालायला झाकण उघडायलाच हवं ना?" मी चिडून म्हणालो.

"घाल की. अर्ध्या तासानं घाल. इंजिन काय कुठं पळून चाललंय?"

दादांचे म्हणणे शास्त्राला धरून होते, हे मला पुढे आमच्या पदार्थविज्ञानवाल्यांनी समजावले. पेट्रोलच्या उष्णतेतला ढोबळ मानाने तिसरा हिस्सा चाके फिरवतो, तिसरा धुरावाटे जातो, आणि उरलेला तिसरा हिस्सा इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. हे पाणी साधारण नव्वद अंशांवर खेळते. उघड्या भांड्यातले पाणी आमच्या पठारावर शंभराच्याही थोडे आधीच उकळू लागते. म्हणून ते स्वयंपाकघरातल्या कुकरसारखे दाबाखाली कोंडतात. कुकरमध्ये पाणी एकशेवीस अंशांपर्यंत उकळत नाही, तसेच इथे. पण झाकण उघडले, की दाब सुटतो आणि कोंडलेले सगळे पाणी एकदम उकळून तोंडावर येते. शिट्टी न पडू देता कुकर उघडणाऱ्या गृहिणीला आपण अडाणी म्हणू. मी तर एम. ए. होतो.

गार पाणी ओतण्याचीही घाई करू नये. तापून लाल झालेल्या तव्यावर पाणी शिंपडले तर तो चरचरतो, तसे कोरड्या तापलेल्या इंजिनाला एकदम गार पाणी लागले तर धातूला तडा जाऊ शकतो. मग काम शेकड्यांतून हजारांवर जाते.

आम्ही बाभळीच्या सावलीला बसलो. गाडीखाली हिरवट पाण्याचे थारोळे साचले होते. तिथे एक गावठी कुत्रे हुंगत आले. दादा उठले, त्याला हाकलले आणि पायाने माती लोटून ते थारोळे बुजवले. "गोड लागतंय त्यांना. चाटून मरतात," एवढेच म्हणाले. हेही खरेच. त्यातले एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि मूत्रपिंडाला घातक. त्याचाच एक भाऊबंद, डायएथिलिन ग्लायकॉल, १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून रोग्यांच्या पोटात गेला आणि चौदा जण दगावले. गोड भाऊबंद केव्हा उलटेल याचा नेम नसतो, असे माझ्या मनात आले आणि मी दादांकडे पाहिले. ते बाही सारून बसले होते. उजव्या कोपराखाली तळहाताएवढा जुना पांढरट डाग. चहाचे आधण सांडून तो झाला, असे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

"तुम्हांला कसं ठाऊक हे झाकणाचं?" मी विचारले.

दादा बराच वेळ गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझं हॉल तिकीट राहिलं होतं घरी. दहावीचं."

मला ती सकाळ आठवली. भोकरदनचे केंद्र, फाटकापाशी मी रडवेला उभा, आणि पेपरला दहा मिनिटे असताना दादा शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर घेऊन आले. कागद माझ्या हातात ठेवला आणि पाठ फिरवून गेले. हाताला उपरणे गुंडाळले होते. उन्हासाठी असेल, असे मला वाटले.

"वाटेत ट्रॅक्टर तापला. थांबायला वेळ कुठं होता? उघडलं झाकण." ते किंचित हसले. "पेपर मराठीचाच होता ना रे?"

मराठीचाच होता. त्या विषयावर मी आज पोट भरतो आहे.

यावर मी काय बोलणार? गाडीचे इंजिन टिक् टिक् आवाज करीत निवत होते. समोरच्या मिरचीच्या रानातून एक आजी पाण्याचा डबा घेऊन आल्या. मी तो गाडीकडे नेऊ लागलो, तसा त्यांनी मला दटावले, "आधी तू पी. मग तिला पाज." पाणी प्यालो आणि विहिरीचा विषय मीच काढला. चुकलो, असे म्हणालो. न विचारता पाण्याचा शब्द द्यायला नको होता. दादा म्हणाले, "पाणी काय, दिलं असतं रे. मला विचारलं नाहीस, एवढंच." २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा याच विहिरीचा तळ खरवडून त्यांनी घर चालवले होते, आणि मी जालन्यात टँकरची वाट पाहत वर्तमानपत्र वाचत होतो. हे ते बोलले नाहीत. मला आपोआप आठवले.

पाऊण तास झाला. दादांनी रेडिएटरची वरची रबरी नळी चिमटीत दाबून पाहिली. कडक लागली तर आत दाब आहे, मऊ लागली तर उतरला. मऊ लागली. जाड पोते टाकून झाकण थोडे फिरवले, फुस्स होऊ दिले, मग काढले. नळी क्लिपजवळ उभी चिरली होती. आजींच्या नातवाजवळ ठिबकच्या नळ्या बांधायला ट्यूबच्या पट्ट्या होत्या. त्यातली एक दादांनी ताणून ताणून गुंडाळली, वरून तार पिळली, हळूहळू पाणी भरले आणि झाकण मुद्दाम सैल ठेवले, म्हणजे दाब चढून पट्टी उडू नये. काट्यावर डोळा ठेवून बैलगाडीच्या चालीने आम्ही धावड्यात पोचलो.

तिथल्या मिस्त्रींनी नवी नळी बसवली, निम्मे पाणी निम्मे कूलंट भरले, आतली हवा काढली. जुनी नळी माझ्यापुढे धरून म्हणाले, "सर, ही काही आज फुटली नाही. क्लिपपाशी ही पांढरी पापडी बघा. सहा महिने झिरपत असणार. टाकी कधी पाहिलीच नाही का?"

दादांनी माझ्याकडे पाहिले. मी नळीकडे पाहिले.

बुलढाण्याला आम्ही तिन्हीसांजेला पोचलो. मामांनी समजुतीचे दोन शब्द तयार ठेवले होते, ते त्यांना गिळावे लागले. वाटणी व्हायची ती झाली. दोन भावांचे दोन सातबारे झाले, त्यात वावगे काही नाही. विहीर तेवढी सामाईक राहिली, आणि पावसाळा लागेपर्यंतच्या सगळ्या पाळ्या मिरचीला, असे ठरले. ठोक्यावाल्याला दिलेला शब्द मोडताना मला चार कडू बोल ऐकावे लागले. ते रास्तच होते.

आता दर रविवारी सकाळी मी दोन कामे न चुकता करतो. बॉनेट उघडून टाकीतले पाणी किमान आणि कमाल या दोन रेघांच्या मध्ये आहे ना, ते पाहतो. आणि दादांना फोन लावतो. दोन्ही कामे इंजिन थंड असताना करावयाची असतात.