यंत्राचा आकडा आणि फलाटावरची सकाळ

एक अबोल, लंगडत चालणारा अब्जाधीश संगणकतज्ज्ञ आणि गुप्तहेर खात्यातून बाहेर पडलेला एक धिप्पाड जवान. दोघांच्या हाती रोज एक आकडा येतो. तो आकडा न्यूयॉर्कमधल्या कुणा एका माणसाचा असतो. लवकरच एक गुन्हा घडणार आणि त्यात हा माणूस गुंतलेला असणार, एवढेच त्यातून कळते. पण तो मारणारा की मरणारा? ते मात्र यंत्र सांगत नाही!

'पर्सन ऑफ इंटरेस्ट' या अमेरिकन मालिकेची सारी गंमत या एका प्रश्नात आहे. जोनाथन नोलन यांनी निर्माण केलेली ही मालिका सप्टेंबर २०११ मध्ये सुरू झाली आणि पाच पर्वांत तिचे १०३ भाग झाले. कथा अशी की, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सरकारसाठी एक यंत्र तयार होते. शहरातला प्रत्येक कॅमेरा त्याचा डोळा आणि प्रत्येक दूरध्वनी त्याचा कान. दहशतवादी कट ते आधीच हुडकून काढते. पण ते पाहता पाहता त्याला साध्या माणसांचे साधे खूनही दिसू लागतात. मत्सरी नवरा, कर्जबाजारी भागीदार, पाठलाग करणारा तरुण. सरकारच्या लेखी हे सारे बिनमहत्त्वाचे! म्हणून ती यादी रोज मध्यरात्री पुसली जाते. यंत्र बनवणाऱ्या हॅरॉल्ड फिंचला हे सहन होत नाही आणि जॉन रीसला हाताशी धरून तो त्या पुसल्या जाणाऱ्या माणसांना वाचवायला निघतो.

या मालिकेचा शेवटचा भाग अमेरिकेत दाखवला गेला तो २१ जून २०१६ रोजी. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, इकडे चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या रेल्वे स्थानकावर जे घडले, ते कोणत्याही मालिकेत नव्हते.

तो शुक्रवार

२४ जून २०१६. सकाळचे साडेसहा वाजून गेलेले. चेंगलपट्टूच्या बाजूला जाणाऱ्या लोकलची वाट पाहत २४ वर्षांची एक संगणक अभियंता तरुणी फलाटावर बसली होती. वडील नुकतेच तिला स्थानकावर सोडून परतले होते. एक तरुण आला, त्याने कोयत्याने वार केले आणि तो निघून गेला. फलाटावर माणसे होती. गाडी आली, गेली. तिचा देह मात्र बराच वेळ तिथेच पडून राहिला.

नुंगंबाक्कम म्हणजे काही आडबाजूचे गाव नव्हे. महाविद्यालये, कार्यालये, दवाखाने यांनी गजबजलेला हा चेन्नईचा मध्यवर्ती भाग. तरीही त्या स्थानकावर एकही कॅमेरा नव्हता! पोलिसांना संशयिताचे चित्र मिळाले, ते आसपासच्या इमारतींवर लोकांनी स्वतःच्या खर्चाने लावलेल्या कॅमेऱ्यांतून. मद्रास उच्च न्यायालयाने तपासाच्या संथपणाबद्दल कान उपटले, तपास रेल्वे पोलिसांकडून शहर पोलिसांकडे गेला आणि १ जुलैच्या रात्री तिरुनेलवेली जिल्ह्यात एका तरुणाला पकडण्यात आले. तो कित्येक दिवस तिच्या मागावर होता, असे पोलिसांचे म्हणणे होते. ते न्यायालयात कधी पारखले गेलेच नाही. १८ सप्टेंबर २०१६ रोजी पुळलच्या तुरुंगात त्याचा मृत्यू झाला. ती आत्महत्या असल्याचे तुरुंगाने सांगितले, कुटुंबीयांनी ते मानले नाही, आणि खटला उभा राहण्याआधीच संपला.

मधल्या त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. अटक होण्यापूर्वीच समाजमाध्यमांवर एका विशिष्ट धर्माच्या माणसाकडे बोट दाखवणारे संदेश फिरू लागले. पोलिसांनी पकडलेला संशयित निघाला वेगळाच. गुन्हेगार कोण असणार, याचे भाकीत करायला माणसाला यंत्र लागत नाही. त्याच्या मनातला पूर्वग्रह ते काम फुकटात करतो!

ढग आणि माणूस

नुंगंबाक्कमचे नाव चेन्नईकरांच्या तोंडी रोज येते, ते मात्र दुसऱ्याच कारणाने. शहरात किती पाऊस पडला हे सांगताना नुंगंबाक्कमचा आकडा दिला जातो. ईस्ट इंडिया कंपनीची मद्रास वेधशाळा १७९२ साली इथेच उभी राहिली आणि आज प्रादेशिक हवामान केंद्रही इथेच आहे. बंगालच्या उपसागरात वादळ उठले की साऱ्या किनाऱ्याचे कान नुंगंबाक्कमकडे लागतात. त्याच २०१६ सालच्या १२ डिसेंबरला 'वरदा' चक्रीवादळ चेन्नईवर आदळले. पण त्याची सूचना आधीच मिळाली होती आणि हजारो लोकांना वेळेवर सुरक्षित जागी हलवता आले.

म्हणजे एकाच वस्तीत, एकाच वर्षात, एक संकट आधी कळले आणि दुसरे कळले नाही. मग वादळासारखा गुन्हाही आधीच का ओळखू नये?

प्रश्न बिनतोड वाटतो. पण ढग आणि माणूस यांत एक फरक आहे. 'तू बरसणार' असे म्हटल्याने ढगाचे काही बिघडत नाही. 'तू गुन्हा करणार' असे म्हटल्याने माणसाचे सारे आयुष्य बिघडते. आणि भाकीत चुकले तर? पाऊस आला नाही तर छत्री घरी परत येते, इतकेच. संशयावरून पकडून नेलेल्या मुलाची अब्रू तशी परत येत नाही.

पडद्यावरचे प्रत्यक्षात आले

अशी यंत्रे आता केवळ पडद्यावर राहिलेली नाहीत. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी 'प्रेडपोल' नावाची संगणकप्रणाली कित्येक वर्षे वापरली. तिची कल्पना भूकंपशास्त्रातून घेतलेली. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर धक्के कसे बसत राहिले, हे मराठवाड्याला सांगायला नको. एका घरफोडीनंतर शेजारपाजारी दुसरी घरफोडी होण्याची शक्यता तशीच वाढते, असे या प्रणालीचे गणित. जुन्या गुन्ह्यांचा प्रकार, जागा आणि वेळ तिला पुरवायची. मग ती नकाशावर सुमारे दीडशे मीटर लांबी-रुंदीचे चौकोन आखून 'आज इथे गस्त घाला' असे सांगते.

अडचण अशी की, जिथे पोलीस जास्त जातात तिथेच जास्त गुन्हे नोंदले जातात. ती नोंद पुन्हा यंत्रात जाते आणि यंत्र पुन्हा तीच गल्ली दाखवते. गरीब वस्ती एकदा नकाशावर लाल झाली की लालच राहते! २०२० साली लॉस एंजेलिसने ही प्रणाली बंद केली, तर जिथे ती जन्मली त्या सांताक्रूझ शहराने त्याच वर्षी अशा भाकितांवर बंदीच घातली.

शिकागोची यादी तर मालिकेतल्या यंत्राची सख्खी बहीण. कोण गोळीबारात सापडण्याचा संभव आहे याचे गुण ती माणसामाणसाला देई. गोळी झाडणारा म्हणून की गोळी लागणारा म्हणून, यात भेद नाही. २०१६ मध्ये अभ्यासकांनी तपासले, तेव्हा दिसले की यादीतल्या लोकांचा जीव वाचण्याचे प्रमाण काही वाढले नव्हते. गोळीबाराच्या गुन्ह्यात त्यांना अटक होण्याची शक्यता मात्र वाढली होती. रक्षणासाठी केलेली यादी संशयितांची यादी होऊन बसली. पुढे शिकागोनेही ती गुंडाळली.

आपल्याकडेही पावले पडत आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये पोलिसांसाठी 'मार्व्हल' ही कंपनी स्थापन केली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने तपास जलद करणे आणि गुन्ह्यांचा आधी अंदाज घेणे, अशी तिची उद्दिष्टे सांगितली गेली. तपासाला वेग येत असेल तर कोणाला नको आहे? पण यंत्राला शिकवायला जुनी दप्तरेच वापरावी लागतात. आणि आपल्या जुन्या दप्तरांत काय लिहून ठेवले आहे, हे विसरून चालणार नाही.

दीडशे वर्षांपूर्वीचे यंत्र

कारण गुन्ह्याचे भाकीत करणारे एक यंत्र या देशात १८७१ सालीच बसवले गेले होते. त्याला वीज लागत नव्हती. त्याचे नाव 'गुन्हेगार जमाती कायदा'. अमुक जातीत जन्मलास, म्हणजे तू चोरी करणारच, असे ते यंत्र सांगे. मग हजेरी, बोटांचे ठसे आणि परवानगीशिवाय गाव सोडायची बंदी. सोलापुरात तर या लोकांना तारेच्या कुंपणाआड ठेवणारी 'सेटलमेंट' होती. १९११ नंतर हा कायदा मद्रास प्रांतातही आला. मदुराईजवळच्या पेरुंगामनल्लूर गावात कळ्ळर समाजाने ठसे द्यायला विरोध केला, तेव्हा ३ एप्रिल १९२० रोजी पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पंधराहून अधिक माणसे मेली.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. शिक्का पुसायला मात्र एक दिवस पुरला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन ज्यांनी वाचले आहे, त्यांना त्या शिक्क्याचे ओझे वेगळे सांगायला नको.

घरातला अंदाज

मग नुंगंबाक्कमच्या त्या मुलीसारख्या मुलींना वाचवायचे कसे? पुण्या-नाशिकच्या, कोल्हापूर-नागपूरच्या कितीतरी मुली आज चेन्नईत, बंगळुरात, हैदराबादेत नोकरी करतात. पहाटेची गाडी पकडतात. त्यांच्या आईवडिलांना वरचा सारा इतिहास ठाऊक असला, तरी रात्री झोप लागण्यासाठी तो उपयोगाचा नाही.

त्यांच्यासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पाठलागातून घडणारा गुन्हा सहसा आभाळातून कोसळत नाही. तो आधी दिसतो. रोज तोच चेहरा, तेच वळण, नको म्हटल्यावरही येणारे फोन आणि संदेश. हे सारे अनेकदा मुलीला ठाऊक असते, मैत्रिणीला ठाऊक असते, कधी फलाटावरच्या चार प्रवाशांनाही. ठाऊक नसते ते फक्त नोंदवहीला. आणि जे नोंदवहीत नाही, ते जगातल्या सर्वांत हुशार यंत्रालाही दिसणार नाही.

पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे. २०१३ साली तो दंड संहितेत आला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. इंटरनेटवरून पाळत ठेवणेही त्यातच येते. वार होण्याची वाट पाहावी लागत नाही. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

पण मुली सांगत का नाहीत? कारण सांगितल्यावर घरातून काय उत्तर येईल याचा अंदाज त्यांना असतो. 'नोकरी सोड आणि परत ये.' 'तूच काही बोलली असशील.' 'चारचौघांत वाच्यता नको.' शिक्षा होते ती तिलाच, म्हणून ती गप्प बसते. मालिकेतली ती यादी मध्यरात्री पुसली जाई. आपल्या घरांत ती जेवणाच्या ताटावरच पुसली जाते.

मालिकेतल्या यंत्राकडे नुसता आकडा असे. बाकीचे काम, म्हणजे त्या माणसाच्या जवळ जाणे, त्याचे ऐकणे आणि वेळेवर मध्ये पडणे, फिंच आणि रीस या दोन माणसांनाच करावे लागे. कॅमेरे हवेतच, नुंगंबाक्कमनंतर चेन्नईत ते लाखोंनी लागले. पण मुलीचा फोन आला आणि 'आई, एक मुलगा रोज मागे येतो' असे ती म्हणाली, तर पहिला प्रश्न 'तू काय केलंस?' असा नसावा. 'कधीपासून, आणि आपण आज काय करायचं?' असा असावा.